भूगर्भातील कलामंदिर : भोपाळचे भारत भवन

‘भूमिगत’ हा शब्द आम्ही प्रथम ऐकला तो शाळेत असताना, बेचाळीसच्या चळवळीच्या पाठात. त्यामुळे या शब्दाला आमच्या मनात आजही लपण्याची, वेषांतराची आणि रात्रीच्या प्रवासाची छटा चिकटून आहे. वास्तूच्या संदर्भात मात्र जमिनीखाली जाणे म्हणजे लपणे नव्हे. आपल्या भाषेत तळघर आहे, भुयार आहे, धान्याचे पेव आहे, आणि या सर्वांहून थोर असे ‘लेणे’ आहे. ‘लयन’ या संस्कृत शब्दापासून आलेला हा शब्द उच्चारात दागिन्याच्या ‘लेण्या’शी एकरूप व्हावा, हा भाषेतील एक सुखद योगायोग होय. डोंगराच्या पोटात शिरलेली वास्तू आणि अंगावर मिरविलेला अलंकार यांना मराठी माणूस एकाच नावाने हाक मारतो. आम्ही येथे ज्या वास्तूविषयी लिहीत आहो, ती या दोन्ही अर्थांनी लेणे आहे. ती आमच्याच प्रदेशाच्या राजधानीत, भोपाळात आहे. आणि तरीही आमच्या देपालपूरसारख्या तालुक्याच्या गावातील बहुसंख्य शिक्षकांनी ती पाहिलेली नाही. आम्ही स्वतःही वयाच्या पन्नाशीनंतरच पाहिली, हे प्रथमच कबूल करतो.

नववीच्या विद्यार्थ्यांची सहल घेऊन आम्ही पहाटे निघालो. देपालपूरहून इंदूर आणि तेथून भोपाळ, असा हा जवळजवळ सगळा दिवस खाणारा प्रवास. श्यामला टेकडीवर गाडी थांबली, मुले उतरली, आणि आमच्याकडे पाहत उभी राहिली. समोर एक सपाट अंगण, थोडी हिरवळ, काही पायऱ्या आणि पलीकडे पसरलेले मोठ्या तलावाचे पाणी, एवढेच दिसत होते. एका मुलाने विचारले, “सर, इमारत कुठे आहे?” आम्ही म्हणालो, “तू तिच्या छपरावर उभा आहेस.” त्याने चटकन पाय उचलला, जणू कोणाच्या डोक्यावर पाय पडला होता.

या प्रश्नातच भारत भवनाच्या रचनेचे मर्म आहे. त्याचे शिल्पकार चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) हे मूळ गोमंतकीय कुटुंबातले; त्यांची कर्मभूमी मुंबई. साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय (१९६३) त्यांनी तरुणपणी रचले आणि नव्या मुंबईच्या कल्पनेतही त्यांचा मोठा वाटा होता. भोपाळचे काम हाती आले तेव्हा त्यांच्यापुढे तलावाकडे उतरत जाणारा एक उतार होता. अशा जागी कोणीही टेकडीच्या माथ्यावर खांबांची उंच इमारत उभी करून तलावाला पाठीशी घेतले असते. कोरियांनी उताराला धक्का न लावता त्याच्या अंगाने गच्च्या काढल्या, मधूनमधून जमीन खोल करून चौक केले, आणि सारी दालने त्या चौकांच्या भोवती, गच्च्यांच्या खाली बसविली. प्रवेश वरून होतो. मग पायरीपायरीने माणूस खाली उतरतो, एका चौकातून दुसऱ्यात जातो. प्रत्येक वळणावर आधी डोक्यावर आभाळ दिसते, मग एखाद्या फटीतून पाणी.

जमिनीखाली म्हटले की अंधार, ही आपली समजूत. येथे ती चुकते. गच्चीवर काँक्रीटची उंच कवचे आहेत. त्यांच्यातून प्रकाश आत सोडला आहे. गच्चीच्या कठड्यांलगत फटी ठेवल्या आहेत. त्यांतूनही उजेड झिरपतो. चौकाकडे उघडणाऱ्या दारांना दुहेरी झडपा आहेत. आतल्या बाजूस काही स्थिर काचा व काही उघडमीट करता येणारी तावदाने, ती उजेडासाठी व वाऱ्यासाठी. बाहेरच्या बाजूस मोठाली लाकडी दारे, ती रात्री सुरक्षिततेसाठी बंद होतात. जुन्या वाड्यात वाढलेल्या माणसास हे समजावून सांगावे लागत नाही. चौकातून उजेड घ्यायचा, ओसरीत बसायचे, रात्री दिंडी लावून घ्यायची, हाच तो व्यवहार. कोरियांच्या सर्व लेखनात व कामात आभाळाला उघड्या असलेल्या जागेचे महत्त्व वारंवार येते. आपल्या हवामानात दिवसाचे आणि वर्षाचे कितीतरी तास अशी जागा बंद खोलीपेक्षा अधिक उपयोगी पडते, हे त्यांचे म्हणणे होते. वैशाखात माळव्याच्या वाड्यातील तळमजल्यावर ज्यांनी दुपार काढली आहे, त्यांस मातीच्या आडोशाचा गारवा काय असतो ते ठाऊक आहे.

आणि ही गोष्ट माळव्याला नवी तरी कोठे आहे? मांडूच्या चंपा बावडीत उतरावे. विहिरीच्या पाण्यालगत कमानी घातलेली तळघरे आहेत, आणि वर ऊन भाजत असताना तेथे अंगावर शाल घ्यावीशी वाटते. धार जिल्ह्यातच बाघची लेणी आहेत. त्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यास १९२१ साली नंदलाल बोस आले होते. आणि महाराष्ट्राकडे वळले तर वेरूळचे कैलास आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी, आठव्या शतकात, कारागिरांनी ते शिखरापासून खाली खोदीत आणले. पायापासून वर चढविले नाही. भारत भवन खोदलेले नाही, बांधलेलेच आहे. तेव्हा ही तुलना फार ताणू नये. परंतु वरून प्रवेश करून खाली उतरत जाताना मनाची जी अवस्था होते, तिचे नाते कैलासाशी आहे असे आम्हांस वाटले.

गारव्याचा विषय निघाला म्हणून एक व्यावहारिक गोष्ट सांगून टाकतो. जमिनीत बसलेल्या वास्तूचा पहिला वैरी पाणी होय. चौक खोल, म्हणजे पावसाळ्यात तोच हौद. छप्पर सपाट, त्यावर माणसे चालणार, गवत उगवणार, म्हणजे ओल आलीच. अशा वास्तूची राखण दरसाल, मृगाच्या आधी, नेमाने करावी लागते. एक वर्ष चुकले की भिंत त्याची आठवण पुढची पाच वर्षे देत राहते. आम्ही हे अनुभवाने सांगतो. आमच्या एका जुन्या वर्गाच्या छताच्या दुरुस्तीसाठी आम्ही एका कार्यालयात तीन पावसाळे अर्ज केले. चौथ्या पावसाळ्यात उत्तर आले की, तो वर्ग वापरात नसल्याने दुरुस्तीचे कारण दिसत नाही. वर्ग वापरात का नव्हता, हे त्यांनी विचारले नाही. असो.

भारत भवनाचे उद्घाटन १३ फेब्रुवारी १९८२ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. त्याच वर्षी विधानसभेने खास कायदा करून ते एका स्वतंत्र न्यासाकडे सोपविले. कल्पनेमागे कवी व प्रशासक अशोक वाजपेयी यांची दृष्टी होती. ‘पूर्वग्रह’ हे हिंदी समीक्षेचे नियतकालिक त्यांनी १९७४ पासून भोपाळातून चालविलेले होते, म्हणजे वास्तू उभी राहण्याआधी विचाराची जमीन नांगरली गेली होती. विभागांची नावे पाहावीत : चित्रशिल्पांसाठी ‘रूपंकर’, नाटकासाठी ‘रंगमंडल’, भारतीय कवितेच्या ग्रंथालयासाठी ‘वागर्थ’, संगीतासाठी ‘अनहद’. बंदिस्त नाट्यगृह ‘अंतरंग’, आणि तलावाकडे तोंड करून पायऱ्यांनी उतरणारे खुले नाट्यगृह ‘बहिरंग’. नावे ठेवण्याची ही रसिकता आपल्या शासकीय व्यवहारात क्वचित दिसते. ‘वागर्थ’ म्हटल्याबरोबर कोणाही संस्कृत शिक्षकाला ‘रघुवंशा’चा आरंभ आठवेल. १९८९ साली येथे विश्व कविता समारोह भरला, आणि मुद्राचित्रांचे आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक प्रदर्शनही त्याच वर्षापासून सुरू झाले.

परंतु आमच्या दृष्टीने या वास्तूतील सर्वांत मोठी घडामोड ‘रूपंकर’मध्ये झाली. त्याचे पहिले संचालक चित्रकार जगदीश स्वामिनाथन (१९२८–१९९४) यांनी एक विलक्षण निर्णय घेतला. शहरातील चित्रशाळांतून शिकलेल्या आधुनिक चित्रकारांचे काम आणि प्रदेशातील आदिवासी व लोककलावंतांचे काम त्यांनी एकाच छताखाली, एकाच मानाने ठेवले. एक कला आणि दुसरी ‘जमातींची वस्तू’, एक आजची आणि दुसरी पुराणवस्तुसंग्रहालयातली, ही विभागणीच त्यांना मान्य नव्हती. दोन्ही आज घडत आहेत, दोन्ही घडविणारी माणसे आज जिवंत आहेत, मग एक समकालीन आणि दुसरी आदिम कशी, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. त्यांनी तरुण कलाविद्यार्थ्यांना खेड्यापाड्यांत पाठविले. मंडल्याकडील पाटनगढ या गोंड गावी (ते आता दिंडोरी जिल्ह्यात येते) या मंडळींना एका घराच्या भिंतीवर काढलेली चित्रे दिसली. ती जनगढसिंह श्याम नावाच्या विशीच्या आतबाहेरच्या तरुणाची होती. त्याला भोपाळास आणले गेले. कागद, शाई, रंग आणि पुढे मुद्राचित्रणाची साधने त्याच्या हाती आली. परधान गोंडांच्या गाण्यांत राहणारे देव त्याने ठिपक्यांतून आणि रेषांतून प्रथमच डोळ्यांपुढे उभे केले. पुढे त्याच्या आप्तस्वकीयांनी ती रीत उचलली आणि आज तिला ‘जनगढ कलम’ म्हणतात. एका माणसाच्या नावाने एक चित्रशैली ओळखली जावी, तीही भिंत सारवणाऱ्यांच्या समाजात, ही सामान्य गोष्ट नव्हे. हा कलावंत २००१ साली जपानात, घरापासून फार दूर, मृत्यू पावला. त्याने स्वतःच जीवन संपविले. वर्गात आम्ही जनगढ शिकवितो तेव्हा ही शेवटची ओळ सांगावी की न सांगावी, याचा निर्णय आम्हांस अद्याप करता आलेला नाही.

दुसरी कथा झाबुआ जिल्ह्यातील पिटोल गावच्या भूरीबाईंची. त्या भिल्ल समाजातल्या. भारत भवनाचे बांधकाम चालू असताना त्या तेथे मजुरीस होत्या. विटा-माती वाहणाऱ्या बायकांपैकी एक. स्वामिनाथन यांनी मजूर स्त्रियांना विचारले, तुमच्या घरच्या भिंतींवर तुम्ही काय काढता ते कागदावर काढून दाखवाल का? भूरीबाईंनी काढले. ज्या वास्तूच्या पायाशी त्यांनी ओझे वाहिले, तिच्याच दालनात त्यांची चित्रे लागली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या देपालपूरला याचे महत्त्व वेगळे कळते. सोयाबीन आणि गहू काढणीच्या दिवसांत झाबुआ–धारकडून भिल्ल कुटुंबे आमच्या काळ्या जमिनीवर येतात, शेतांच्या कडेला पाले टाकतात आणि काम सरले की जातात. त्यांतली काही स्थिरावतात आणि त्यांची मुले आमच्या शाळेत नाव घालतात. या मुलांच्या घरच्या भिंतीवर काय असते, हे आम्ही तीस वर्षांच्या नोकरीत कधी विचारले नव्हते. स्वामिनाथन यांनी भर बांधकामात विचारले.

आदिवासी कलेच्या दालनात मुले रेंगाळत होती. आमच्या शाळेतील एक भिल्ल मुलगी पिठोऱ्याच्या घोड्यांपुढे थांबली आणि तिने चपला काढून हातात घेतल्या. पहारेकऱ्याने सांगितले, चपला काढण्याचे कारण नाही. ती काही बोलली नाही. चपला हातातच राहिल्या. मागाहून तिने आम्हांस सांगितले की, तिच्या मामाच्या घरी अशीच भिंत आहे, नवस फेडताना लिहिलेली, आणि तेथे कोणी जोडे घालून उभे राहत नाही. पिठोरा ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’, हेही तिनेच आम्हांस सुधारून दिले. लिहिणारा तो लिखंदरा. आम्ही बी. ए. ला मराठी आणि संस्कृत शिकलो. पण ‘लिहिणे’ या क्रियापदाचा हा जुना, चित्र रेखाटण्याचा अर्थ आमच्या तोंडून गेलेला असताना त्या मुलीच्या घरी तो नांदत होता.

येथे एक शंका उत्पन्न होते आणि ती लपविणे बरे नव्हे. नवसाची भिंत दालनात आणली की ती नवसाची राहते का? घरच्या भिंतीवर ती कुटुंबाच्या संकटाशी बांधलेली असते. दालनात ती सर्वांची होते, पण कोणाच्याच संकटाशी बांधलेली राहत नाही. स्वामिनाथन यांच्यावर या अंगाने टीका झाली नाही असे नाही. आमचे मत असे की, न आणण्यापेक्षा आणणे बरे. कारण न आणता ती भिंत पावसात जाते आणि आमच्यासारखा शिक्षक अज्ञानातच निवृत्त होतो. पण पहारेकऱ्याला चपलांचे कारण ठाऊक असायला हवे होते, हेही तितकेच खरे.

मराठी वाचक विचारील, यात आपले काय? पुष्कळ आहे. भोपाळ १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, त्याआधीपासून माळव्यात मराठी माणसांनी कलेची शेते कसली होती. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली इंदुरात चित्रशाळा काढली. ना. श्री. बेंद्रे, पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन, विष्णू चिंचाळकर हे सारे त्या परंपरेतले. देवासच्या टेकडीखाली कुमार गंधर्वांनी माळवी लोकगीतांतून रागांचे मूळ शोधले. आणि उज्जैनच्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी तर भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, आगगाडीच्या खिडकीतून दिसलेल्या खडकांचा मागोवा घेत १९५७ साली भीमबेटकाची चित्रगुंफा जगापुढे आणली. २००३ साली तिला जागतिक वारशाचे स्थान मिळाले. खडकाच्या आडोशाला चित्र काढण्याची रीत ज्या भूमीत इतकी प्राचीन, त्याच भूमीत टेकडीच्या आत चित्रशाळा व्हावी, हे वाकणकरांनी भोपाळास येता-जाता पाहिले असेल तर त्यांस त्यात नवल वाटले नसेल. ‘रंगमंडल’चे पहिले संचालक ब. व. कारंत कन्नडिग, त्यांनी बुंदेली, माळवी, छत्तीसगढी बोलींना रंगमंचावर आणले, आणि तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ही हिंदीतून बसविले. माळवी बोली राजधानीच्या नाट्यगृहात ऐकू येणे ही आमच्याकडे घरोघरी सांगण्यासारखी गोष्ट होती.

इतरत्रही असे प्रयोग झाले आहेत. अहमदाबादेत १९९५च्या सुमारास बाळकृष्ण दोशी यांनी हुसेन यांच्या चित्रांसाठी ‘गुफा’ रचली. शिल्पकार पुण्यात जन्मलेला, चित्रकार पंढरपुरात जन्मलेला आणि वास्तू गुजरातेत, जमिनीखाली! तिची कवचे पातळ लोखंडी जाळी व सिमेंट यांची. वरून चिनी मातीच्या तुकड्यांची नक्षी. आतले खांब झाडाच्या बुंध्यांसारखे तिरपे. जपानच्या नाओशिमा बेटावर तादाओ आंदो यांनी २००४ साली बांधलेल्या संग्रहालयाचे नावच ‘भूमीच्या आत’ अशा अर्थाचे आहे. ही दोन्ही उदाहरणे सुंदर आहेत. पण ती निवडक चित्रकारांच्या कामासाठी आहेत. नाटक, कविता, संगीत, मुद्रणशाळा, आदिवासींचे काम आणि आधुनिकांचे काम यांना एकत्र घेऊन भूमीत उतरलेली वास्तू म्हणून भोपाळची बरोबरी ती करीत नाहीत.

कोरियांनीच भोपाळचे नवे विधान भवनही रचले आणि त्याला १९९८ साली आगाखान पुरस्कार मिळाला. ते टेकडीच्या माथ्यावर आहे, वर्तुळाकार आहे आणि त्याचा घुमट दुरून दिसतो. एकाच शिल्पकाराने एकाच राजधानीत राज्यकारभारास माथा दिला आणि कलेला टेकडीचे पोट दिले. यात कोणाचा मान मोठा, हे आम्ही विद्यार्थ्यांस निबंधासाठी दिले होते. बहुतेकांनी विधान भवनाच्या बाजूने लिहिले. एकाने मात्र लिहिले की, पोटातली वस्तू आई जपून ठेवते.

जपणूक सोपी गेली नाही. १९९० नंतर शासने बदलली, न्यासाच्या रचनेवरून व स्वायत्ततेवरून वाद झाले. ‘रंगमंडल’चा कायम नटसंच पुढे टिकला नाही. एवढी वास्तू चालविण्यास केवळ अनुदान पुरत नाही. स्वामिनाथन, कारंत यांच्यासारखी माणसे लागतात, आणि ती नेमणुकीच्या आदेशाने उत्पन्न होत नाहीत. तरीही दालने उघडी आहेत आणि चौकांत आभाळ आहे. अडचण आहे ती अंतराची. सहलीसाठी आम्ही जो निधी मागितला तो मिळाला नाही; मुलांच्या पालकांनी पैसे दिले, काहींचे शिक्षकांनी घातले, आणि चार मुले तरीही मागे राहिली.

देपालपूर हे नाव परमार राजा देवपालावरून पडले असे गावात सांगतात. भोपाळचा तलाव बांधणारा भोज हा त्याचाच पूर्वज. हा धागा परतीच्या प्रवासात मुलांना सांगण्याचा आमचा बेत होता, पण बहुतेक झोपी गेली होती. जागी होती ती चपला काढणारी मुलगी. तिने विचारले, आपल्या शाळेतील ती बंद खोली, ज्याचे छत गळते, तिच्या भिंती साऱ्या कोऱ्याच आहेत ना? मी घरी गेल्यावर मामाला विचारते.

मामा पुढच्या महिन्यात आले. खोली पाहिली, भिंतीवर हात फिरविला, ओल तपासली. म्हणाले, भिंत चांगली आहे, सारवून घेता येईल. पण नवस कोणाचा? शाळेचा नवस कोण बोलला आहे? आम्हांजवळ उत्तर नव्हते. ते चहा घेऊन गेले. छताच्या दुरुस्तीचा अर्ज आम्ही पुन्हा केला आहे. या वेळी कारणाच्या रकान्यात आम्ही ‘चित्रदालन’ असे लिहिले आहे.